झोर्गेचा खड्डा

पहिल्यांदा ऑनसाईटला गेलो तो मुक्काम नेमका मिनेसोटातला, आणि तोही जानेवारीतला. एका सकाळी खिडकीतून बघतो तर पार्किंगमधली माझी गाडी गायब. चोरीला वगैरे नाही, एका बाजूने पार काचेपर्यंत बर्फात गाडलेली. टीव्हीवरची बाई हसतमुखाने सांगत होती की रात्रभरात आठ इंच पडला. खाली जाऊन फावड्याने उपसायला लागलो तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या या अंगाला तीन फुटांचा ढीग आहे आणि त्या अंगाला चक्क डांबर दिसतंय. मग ते आठ इंच नक्की पडले कुठे? शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, वाऱ्याने इकडचा तिकडे नेला, त्यात काय!

त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र तो किडा तेव्हापासून वळवळतोय. मध्ये दोन-तीन वीकएंड त्याच्यावरच घालवले आणि पोचलो थेट ग्रीनलँडच्या मध्यावर, १९३० सालात, एका शाळामास्तरने खणलेल्या खड्ड्यात.

पाऊस मोजायचं शास्त्र आपल्याला शाळेपासून पाठ असतं. नरसाळं, बाटली, मोजपात्र, संपलं. त्यातही भानगडी आहेतच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. पण निदान पडलेलं पाणी नळकांड्यात जातं तरी. हिमाचं तसं नाही. (आपण गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्या पिसांनाही. गोंधळ नको म्हणून भुसभुशीत ते हिम आणि कडक झालेला तो बर्फ, असं या लेखापुरतं ठरवू.) हिमाची पिसं हलकी. जरा वारा असला की नळकांड्याच्या तोंडावरून वळसा घालून निघून जातात. उलट कालचं पडलेलं हिम आज उडून आत येतं आणि यंत्राला वाटतं, वा, आज झकास पडलं! शिवाय एक फूट हिम म्हणजे पाणी किती? ताजं आणि भुसभुशीत असेल तर दहा इंचांचं एक इंच पाणी होतं असा ढोबळ हिशोब अमेरिकेत लावतात. वाऱ्याने दाबून बसवलेलं असेल तर तेवढ्याच जाडीत त्याच्या तिप्पट, साडेतिप्पट पाणी सहज मावतं.

हे झालं गावातलं. ध्रुवाकडच्या हिमस्तरावर तर आणखी एक मजा आहे. तिथे जमीनच नाही. म्हणजे आहे, पण तीन किलोमीटर खाली. तुम्ही काठी रोवलीत तर ती हिमातच रोवली जाते, आणि पायाखालचं ते हिम वरच्या वजनाने दरवर्षी दबत असतं. काठी स्वतःच खाली चालली आहे. ज्या पट्टीने मोजायचं ती पट्टीच आकसणाऱ्या गादीवर उभी. वर्षभराने काठी ८० सेंटिमीटर बुडालेली दिसली, तर त्यातून पडलेलं पाणी किती हे ती काठी सांगत नाही.

आणि हा आकडा कोणाला हवा? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत फारसा कोणालाच नको होता. मग लोकांना प्रश्न पडायला लागला की ग्रीनलँडचा हा अगडबंब बर्फ वाढतोय, घटतोय की आहे तेवढाच आहे? कडेला हिमनग तुटतात ते दिसतं, उन्हाळ्यात पाणी वाहून जातं तेही दिसतं. खर्चाची बाजू डोळ्यांसमोर आहे. जमेची बाजू, म्हणजे मधल्या पांढऱ्या वाळवंटात दरवर्षी किती पडतं, ती मात्र कोरी. पासबुकात फक्त विथड्रॉवल छापलेत, असं.

आल्फ्रेड वेगेनर हे नाव भूगोलात ऐकलेलं असेल. खंड सरकतात असं म्हणणारा तोच. पण पेशाने तो हवामानशास्त्रज्ञ, आणि ग्रीनलँड हे त्याचं जुनं वेड. १९३० साली त्याने जर्मन मोहीम काढली. त्यातला एक भाग असा की पश्चिम किनाऱ्यापासून साधारण ४०० किलोमीटर आत, ३००० मीटर उंचीवर एक ठाणं उभारायचं आणि तिथे पूर्ण वर्षभर, हिवाळ्यासकट, नोंदी घ्यायच्या. नाव आइसमिट्टे. म्हणजे सरळ ‘बर्फाचा मध्य’. (जर्मन लोक व्हेरिएबलला नावं देतात तसं. नेमकं आणि रुक्ष.)

जुलैच्या शेवटी योहानेस गेऑर्गी तिथे पोचला. सप्टेंबरात एर्न्स्ट झोर्गे येऊन मिळाला. हा झोर्गे म्हणजे बर्लिनमधला शाळाशिक्षक. तिथवर सामान पोचवायला कुत्र्यांच्या गाड्या होत्या, आणि मोहिमेचा हुकमी एक्का होता पंखा लावलेल्या मोटरच्या घसरगाड्या. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये असा एक हुकमी एक्का असला की पुढे काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. पंख्याच्या गाड्या त्या मोसमात आइसमिट्टेला पोचल्याच नाहीत. परिणामी राहायची तयार झोपडी आली नाही, वायरलेस आला नाही, आणि रॉकेलही ठरल्यापेक्षा फार कमी आलं.

गेऑर्गी आणि झोर्गेने निरोप पाठवला की २० ऑक्टोबरपर्यंत सामान आलं नाही तर आम्ही ठाणं सोडून चालत निघू. तो निरोप आणि वेगेनरची स्वारी यांची गाठ वाटेत पडली. वेगेनर १५ गाड्या घेऊन आधीच निघाला होता. बरोबर फ्रिट्झ लोवे नावाचा हवामानशास्त्रज्ञ आणि डझनभर ग्रीनलँडवासी. थंडी उणे ५० च्या खाली. एकेक करत बाकीचे सगळे परत फिरले, राहिला फक्त रास्मुस व्हिलुमसेन, विशीतला तरुण. चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, हे तिघे आइसमिट्टेला पोचले तेव्हा गाड्यांवर पोचवण्यासारखं जवळपास काहीच उरलं नव्हतं. ज्यासाठी निघाले ते रॉकेल वाटेतच टाकून द्यावं लागलं होतं.

आणि इथे ठाण्यात? गेऑर्गी आणि झोर्गेने मधल्या काळात हिमातच गुहा खोदली होती, रॉकेलचा हिशोब पुन्हा मांडला होता, आणि काटकसर केली तर हिवाळा निघेल असं ठरवून मोकळे झाले होते. वायरलेस नसल्यामुळे हे कळवणार कसं? पुढे यावरून जर्मनीत बरेच वाद झाले, दोष कोणाचा वगैरे. मला तरी तो कोणा एका माणसाचा वाटत नाही. दोन टोकांना दोन वेगळ्या माहितीवर माणसं निर्णय घेत होती आणि मधली लाइनच नव्हती.

लोवेच्या पायाची बोटं गोठून मेली होती. गेऑर्गीने ती खिशातल्या चाकूने आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापली. भूल नाही. लोवे आता कुठेही जाऊ शकत नव्हता, आणि गुहेत पाच माणसांना पुरेल एवढं अन्न नव्हतं. १ नोव्हेंबर १९३० ला, म्हणजे नेमक्या आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि व्हिलुमसेन १७ कुत्रे घेऊन पश्चिमेकडे परत निघाले. गुहेतल्या तिघांना वाटलं ते किनाऱ्याला पोचले असतील. किनाऱ्यावरच्यांना वाटलं ते आइसमिट्टेलाच थांबले असतील. सहा महिने दोन्हीकडे असंच वाटत राहिलं.

तर मंडळी, या सहा महिन्यांत झोर्गे काय करत होता? खड्डा खणत होता.

गुहेला लागूनच त्याने खाली जाणारी एक विहीर खणायला घेतली. बाहेर उणे ६० च्याही खाली जाणारी थंडी आणि जवळपास दोन महिने सूर्यच नाही. खणलेलं हिम वर वाहून न्यायचं, आणि विहिरीच्या भिंतीतून ठराविक मापाचे तुकडे कापून त्यांचं वजन करायचं. आकारमान माहीत, वजन माहीत, म्हणजे घनता आली. मग आणखी खाली, पुन्हा तुकडा, पुन्हा वजन. गुहेत एक माणूस बोटं कापलेले पाय घेऊन आडवा पडलेला, दुसरा हवामानाच्या नोंदी सांभाळतोय, आणि तिसरा काटकसरीच्या उजेडात हिम तोलतोय. असं करत करत हा माणूस १५ मीटर खाली गेला. पाच मजली इमारतीएवढं.

घनतेचे आकडे कागदावर मांडले तर दोन गोष्टी दिसल्या. एक तर खाली जावं तशी घनता वाढत जाते. यात नवल नाही, वरचं वजन. पण ती सरळ रेषेत वाढत नाही, वर-खाली हिंदकळत वाढते. उन्हाळ्यात आणि शरदाच्या तोंडावर तयार झालेला थर भरड दाण्यांचा आणि हलका. ऊन लागलेलं असतं, हिमातल्या हिमात वाफ होऊन दाणे मोठे होतात, मधे पोकळी राहते. हिवाळ्याचा थर बारीक दाण्यांचा आणि घट्ट, कारण वारा पिसांचा भुगा करून ठोकून बसवतो. हलका, घट्ट, हलका, घट्ट. एक जोडी म्हणजे एक वर्ष. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावी तसं.

आणि घनता हातात असल्यामुळे नुसती वर्षं नाही तर प्रत्येक वर्षाचं पाणीही मोजता येतं. जाडी गुणिले घनता. त्या जागी वर्षाला साधारण ३० सेंटिमीटर पाणी जमा होतं असं निघालं. (सांताक्रूझचा एक दिवस म्हणजे आइसमिट्टेची तीन वर्षं!) १५ मीटरांत वीसेक वर्षांचा हिशोब. म्हणजे ज्या ठिकाणी १९३० पूर्वी कोणी पर्जन्यमापक ठेवला नव्हता, तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या हिमवर्षावाची नोंद झोर्गेने अंधारात बसून वाचून काढली. अख्खा हिमस्तर हाच पर्जन्यमापक होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फक्त शेवटी भर पडत जाणारी लॉग फाइल, जुन्या नोंदी आपोआप काँप्रेस होतात, आणि टाइमस्टँप कुठेच नाही, तो पॅटर्नवरून काढायचा.

खरी गंमत त्याच्या पुढच्या विचारात आहे. हवामान वर्षानुवर्षं तसंच राहिलं, दरवर्षी तेवढंच हिम पडलं, तर ठराविक खोलीवरची घनता कायम तीच राहील. हिमाचा कण बदलतो. आज वर असलेला कण दहा वर्षांनी बराच खाली आणि जास्त दाबलेला असेल. पण ‘दहा मीटर खाली घनता किती’ याचं उत्तर आज, पन्नास वर्षांपूर्वी आणि पन्नास वर्षांनी एकच. रांगेतली माणसं बदलतात, रांग तशीच दिसते. १९५४ साली हेन्री बेडर या शास्त्रज्ञाने याला रीतसर ‘झोर्गेचा नियम’ असं नाव दिलं. बेडरला त्यात दिसलेली सोय अशी की वर जितकं पाणी भर पडतं तितकंच प्रत्येक खोलीतून खाली सरकतं, मग कुठल्याही खोलीवरचा वर्षाचा थर घ्या, त्यातलं पाणी तेवढंच भरणार. आकसणाऱ्या गादीचा प्रश्न सुटला.

मे १९३१ मध्ये मदत आली. पाठोपाठ वेगेनरही सापडला. वाटेत निम्म्यावर त्याच्या स्की हिमात उभ्या रोवलेल्या दिसल्या, खाली खणलं तर व्यवस्थित गुंडाळून पुरलेला देह. हे व्हिलुमसेनने केलं होतं, एकट्याने, त्या थंडीत. आणि मग तो पुढे निघाला. त्याचा आजवर पत्ता लागलेला नाही. शाळेत आपण वेगेनर शिकतो. व्हिलुमसेनचं नाव मला या वयात कळलं.

झोर्गेचं काम १९३५ मध्ये मोहिमेच्या अहवालात छापून आलं. तो १९४६ मध्ये गेला, त्यामुळे आपल्या नावाचा नियम झालेला काही त्याला कळला नाही. लोवेची कहाणी वेगळीच. ज्यू असल्यामुळे १९३३ नंतर जर्मनीतली नोकरी गेली, १९३४ मध्ये तो इंग्लंडला आणि तिथून मेलबर्नला गेला. तिथल्या विद्यापीठात त्याने हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. बरं, बोटं गमावून बसलेल्या माणसाने आता गप घरी बसावं की नाही? पन्नाशी उलटल्यावर, १९५१ मध्ये, हा गडी फ्रेंच मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाच्या आदेली किनाऱ्यावर गेला. कशासाठी? तर वारा किती हिम उडवून समुद्रात नेऊन टाकतो ते मोजायला. पृथ्वीवरच्या सगळ्यात सोसाट्याच्या जागांपैकी ती एक. माझ्या मिनेसोटाच्या गाडीचा प्रश्न, फक्त खंडाच्या मापाचा. जमेच्या बाजूतून वाऱ्याने पळवलेलं वजा केल्याशिवाय हिशोब लागत नाही, हे आइसमिट्टेला राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

नंतरचा इतिहास पटापट सांगतो. १९५२ ते १९५५ मध्ये कार्ल बेन्सन या अमेरिकन माणसाने वायव्य ग्रीनलँड पालथा घातला आणि झोर्गेचाच खड्डा जागोजागी शंभराहून जास्त वेळा खणला. थर एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात शेकडो किलोमीटर ओळखता येतात हे त्यातून कळलं. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात मात्र ही युक्ती लंगडी पडली. तिथे व्होस्टोकसारख्या जागी वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी पडतं आणि वारा एखादं वर्षच्या वर्ष खरवडून नेतो. तिथे कामाला आला तो चक्क हायड्रोजन बाँब. १९५०-६० च्या दशकांतल्या चाचण्यांची किरणोत्सारी धूळ जगभर पसरली, ती ध्रुवावरही पडली आणि एका ठराविक थरात अडकली. तो थर सापडला की वरचं सगळं त्यानंतरचं. टाइमस्टँप शेवटी मिळाला, पण कोणाकडून, बघा.

आपल्याकडेही हे काम चालतं, आणि तेही गोव्यात. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे शून्याखालच्या थंडीत जपून ठेवतात. बाहेर घामाच्या धारा आणि आत दक्षिण ध्रुवाकडचा हिवाळा.

आता वाटेल की उपग्रहांच्या जमान्यात या खड्ड्यांचं काय काम? मलाही वाटलं होतं. २०१८ पासून फिरणारा आइससॅट-२ लेसरने हिमस्तराची उंची इतकी बारीक मोजतो की काही सेंटिमीटरचा फरक कळावा. पण तो मोजतो उंची. उंची घटली म्हणजे बर्फ वितळला की हिम नुसतंच दबून बसलं? पुन्हा तोच प्रश्न, घनता किती? ग्रेस नावाच्या उपग्रहांनी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून सरळ वजनच करायला घेतलं, पण त्यांना बारीक तपशील दिसत नाही, शेकडो किलोमीटरचा भाग एकदम तोलला जातो. त्यामुळे ग्रीनलँडच्या माथ्यावरच्या समिट ठाण्यावर आजच्या काळातही शंभरावर बांबू ओळीत रोवलेले आहेत आणि माणसं ठराविक दिवसांनी थंडीत जाऊन किती बुडाले ते मोजून येतात. बांबू! एकच काठी असली तर वाऱ्याचा ढीग तिला फसवतो, शंभर असल्या की सरासरी निघते. शेजारच्या आजोबांना हे सांगायला हवं होतं.

पण एक ‘जर’ मी मगाशी पटकन बोलून गेलो. हवामान तसंच राहिलं तर. झोर्गेचा नियम त्याच्यावर उभा आहे. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलँडचा जवळपास अख्खा पृष्ठभाग, अगदी माथ्यासकट, काही दिवस वितळला. असं वितळलेलं पाणी खाली झिरपतं, थंड हिमात पुन्हा गोठतं आणि मधेच कडक बर्फाची पापडी होते. घनतेचा सगळा आलेख बिघडतो. हिमस्तराच्या उताराकडच्या भागात अशा पापड्यांची जाड लादी झाली आहे, त्यामुळे वरचं पाणी खाली मुरायच्या ऐवजी वाहून समुद्राला मिळतं. १४ ऑगस्ट २०२१ ला तर समिटला, ३२०० मीटरवर, काही तास पाऊस पडला. तिथल्या नोंदींमधला पहिला पाऊस. आइसमिट्टेपासून हे ठिकाण साधारण २०० किलोमीटरवर. म्हणजे रांग आता तशीच दिसत नाही, आणि उंचीवरून वजन काढणाऱ्यांना झोर्गेचा नियम गृहीत धरून चालत नाही. हिम कसं दबतंय याची वेगळी मॉडेल्स चालवावी लागतात, आणि ती मॉडेल्स बरोबर आहेत का हे तपासायला कोणीतरी जाऊन पुन्हा खड्डा खणतं किंवा गाभा काढतं.

काल रात्री मी झोर्गेचाच आकडा घेऊन एक हिशोब केला. ती गुहा १९३० च्या हिमात खोदलेली. वर्षाला ३० सेंटिमीटर पाणी धरलं तर ९५ वर्षांत साधारण साडेअठ्ठावीस मीटर पाण्याएवढा बोजा तिच्यावर चढला. वर हलकं हिम, खाली घट्ट, सरासरी घनता पाण्याच्या साधारण ५७ टक्के धरली तर ती गुहा आता ५० मीटर खाली असायला हवी. चपटी झालेली, आणि खालच्या बर्फाबरोबर किंचित सरकलेली. वेगेनरलाही त्याच्या सोबत्यांनी तिथेच, वाटेवरच्या बर्फात ठेवलं. तिथे वर्षाला किती पडतं हा आकडा माहीत असला की त्याचीही खोली अशीच काढता येईल. व्हिलुमसेन पुढे किती चालला ते माहीत नसल्यामुळे त्याच्यासाठी हिशोब कुठून सुरू करायचा हेच कळत नाही.